न उपसलेली विहीर

“बाटता तां मन. पाणी खंय बाटता?”

बाटतं ते मन. पाणी कुठे बाटतं? धुरीमामांचं हे बोलणं वाडीतल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. विहिरीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून, खाली पाण्याकडे बघत ते हे म्हणत. ऐकायला कोणी असो वा नसो. एखादी नवी बाई घागर घेऊन कठड्यापाशी बिचकत थांबली, की तिच्याकडे न बघताच म्हणत आणि पोहरा तिच्या हातात देत.

हे वाक्य त्यांनी कुठल्या सभेत उचललं नव्हतं. ते त्यांना कुडाळजवळच्या आपल्या गावात मिळालं होतं, लहानपणी. वैशाख होता. गावाबाहेरच्या वस्तीतली एक बाई तापाने फणफणलेलं पोर काखेला घेऊन भर दुपारी गावच्या बावीवर, म्हणजे विहिरीवर, आली. आसपास कोणी नव्हतं. तिने वाकून कळशीभर पाणी काढलं, पोराच्या ओठाला लावलं, आणि तेवढ्यात कोणीतरी पाहिलं. पुढे तिचं काय झालं ते मामा सांगत नसत. बावीचं काय झालं ते सांगत. बाव बाटली म्हणून गावाने ती उपसून काढली. माणसं दिवसभर पाणी शेंदून रानात ओतत होती. मग गोमूत्र शिंपडलं, भटाने मंत्र म्हटले, नारळ फुटला. बाव शुद्ध झाली आणि कोरडी पडली. झऱ्याला जोर नव्हता. त्यानंतरचा सगळा उन्हाळा मामांची आई नदीतल्या डबक्याचं गढूळ पाणी फडक्याने गाळून आणत राहिली.

“चांगलां पाणी मातयेत ओतलां आणि वायट पाणी पोटात घातलां,” मामा म्हणत. “ह्येका म्हणतत शुद्ध.”

मार्तंड धुरी हे त्यांचं नाव. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. लग्न झालं, सुगंधा घरात आली, तेव्हा त्यांनी भांडुपच्या डोंगरउतारावर पत्र्याची खोली बांधली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला अख्ख्या मुंबईचं पाणी गाळलं जाई. अलीकडच्या अंगाला वाडीतल्या बाया रस्त्यावरच्या एकुलत्या एका नळाखाली हंडे आपटत. वाडीच्या दोन आळ्या. खालच्या आळीत कोकणातली गिरणीवाली माणसं, वरच्या आळीत जालना-बुलढाण्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं. दोन्ही आळ्यांची तहान सारखीच होती, पण बोलणं चालणं बेताचं.

वरच्या आळीत भीमराज राहायचा. जालन्याकडचा, रुंद छातीचा, खालच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात भट्टीवर काम करणारा. एका सुट्टीच्या दिवशी मामा पहार घेऊन त्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

“भीमराज, बाव खणूची आसा. येतंस?”

“कुणासाठी?”

“पिणाऱ्यांसाठी.”

भीमराज आला. मग त्याच्या मागे वरची आळी आली, आणि मामांच्या मागे खालची. मुरूम फुटला, मग काळा दगड लागला, हातांना फोड आले आणि फुटले. सुट्टीमागून सुट्टी गेली. एका सकाळी दगडाच्या चिरेतून पाणी पाझरायला लागलं, तेव्हा भीमराज खालून ओरडला नाही. नुसता वर तोंड करून हसला. त्याच्या हसण्यावरून वरच्यांना कळलं.

विहीर बांधून झाली. पहिली घागर कोणी काढायची हा प्रश्न कोणी उघड विचारला नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर तो होता. मामांनी भीमराजच्या बायकोला, मीराला, हाक मारली. ती पुढे येईना. “तुम्ही काढा मामा, तुमची मोठी माणसं काढू द्या,” म्हणाली. मामांनी दोर तिच्या हातात दिला. तिने पाणी काढलं, आणि मामा सगळ्यांसमोर तिच्या घागरीला ओंजळ लावून प्यायले. खालच्या आळीत कोणी खाकरलं, कोणी पान थुंकायला गेलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्याच घागरी तिथे आल्या. तहानेपुढे नाक मुरडत बसायला फुरसत कुणाला असते?

त्यानंतर मामांनी विहिरीला जीव लावला तो एखाद्या गुरासारखा. चप्पल घालून कठड्याजवळ जायचं नाही. साबण लावायचा नाही. दोर एकच, पोहरा एकच, तो जमिनीवर टेकवायचा नाही. मलेरियावाल्याने डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडले, तर मामा त्यांना पोटच्या पोरांसारखे बघत. मासे फिरताहेत म्हणजे पाणी धडधाकट आहे, ही त्यांची खूण. आणि दरवर्षी अक्षय तृतीयेला विहिरीचा उपसा. दोन्ही आळ्यांतले पुरुष मिळून पाणी काढत, मामा स्वतः दोराने खाली उतरत, गाळ टोपल्यांनी वर देत, कडेने चुना मारत. वरच्या आळीतून पिठलं-भाकरी येई, खालच्या आळीतून घावणे आणि नारळाचा रस. एका पंगतीत बसून माणसं जेवत. दुसऱ्या दिवशी झऱ्याचं नवं पाणी चढलेलं असे, इतकं स्वच्छ की तळाचा दगड दिसे.

ब्याऐंशीचा संप झाला. गिरणी बंद पडली ती पडलीच. मामा एका सोसायटीत वॉचमन झाले. काठी घेऊन दुसऱ्यांचं दार राखणं त्यांच्या मानाला बोचे. घरी आले की डगला काढून ते आधी विहिरीवर जात. गिरणी गेली, हातातलं कसब गेलं; ताठ मानेने ज्याकडे बोट दाखवावं असं आता एवढंच उरलं होतं. सुगंधा हे जाणून होती. म्हणून जेवण थंड झालं तरी हाक मारत नसे.

पंच्याऐंशी सालच्या शेवटी वरच्या आळीत संडास झाला. आठ दारांचा, सिमेंटचा. तोवर तिथल्या बायांना उजाडण्याआधी डोंगरावर झाडीत जावं लागे. साप-विंचू, दगड मारणारी टवाळ पोरं, सगळं सोसून. म्हणून ज्या दिवशी त्या आठ दारांना कड्या लागल्या त्या दिवशी वरच्या आळीत लहान पोरांनी पताका लावल्या. मामाही वर जाऊन पेढा खाऊन आले. ठेकेदार काम संपवून निघून गेला. मैल्याची टाकी जमिनीखाली होती. तिच्यावर फरशी बसली होती. आत काय आहे, काय नाही, ते कोण बघतो?

उन्हाळा चढला तशी विहिरीची पातळी खाली गेली. आणि चैत्रात एका सकाळी खालच्या आळीतल्या नलिनी तावडेने पहिला शब्द काढला.

नलिनीचं घर विहिरीपासून तिसरं. नवरा बँकेत शिपाई. तिने मीराच्या घागरीमागून कधी पाणी भरलं नव्हतं. नेहमी एखादी खालच्या आळीतली बाई मध्ये येईपर्यंत थांबायची, पदराशी चाळा करत. सगळ्यांना ते दिसायचं. त्या सकाळी तिने भरलेली कळशी नाकाशी नेली आणि तिथेच ओतून दिली.

“वास येतो, मामा. वरच्या आळीचं सगळं खाली उतरतंय. मी सांगते तुम्हाला, विहीर बाटली.”

रांगेत मीरा उभी होती. तिने घागर खाली ठेवली.

मामांचा चेहरा काळवंडला. “काय म्हणालस?”

“खरं ते म्हणाले. आठ दारांची घाण जाते कुठे? हवेत उडते?”

“नलिनी, तुका ही बाव पयल्या दिवसापासून बाटलेलीच दिसता. आज तुका संडासाचा निमित्त गावला, इतक्याच. बाटता तां मन—”

“पाणी खंय बाटता, माहीत आहे हो!” नलिनीने हात झटकला. “पाठ आहे. तुमची लेक प्रेमा येणार ना बाळंतपणाला? पाजा तिला मग हेच.”

“पाजतलंय! हेच पाजतलंय!” मामा ओरडले. “माझां चेडू ह्याच पाण्यार मोठां झालां!”

नलिनी गेली ती रस्त्यावरच्या नळावरच. त्या दिवसापासून नळावर जाणं म्हणजे नलिनीच्या बाजूला जाणं, असा अर्थ वाडीत होऊन बसला. खालच्या आळीतल्या ज्या भल्या माणसांना मीराच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, ती विहिरीवरच येत राहिली. पाण्याला थोडा वास होता, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी नाक बाजूला ठेवलं आणि मान राखला.

अक्षय तृतीया आली. दरवर्षीसारखे पुरुष दोर आणि टोपल्या घेऊन जमले. मामा कठड्यावर बसून होते.

“यंदा उपसा नाय,” ते म्हणाले.

माणसं बघतच राहिली. कुणीतरी म्हणालं, “मामा, यंदाच तर हवा. गाळ वाढलाय.”

“यंदाच नको. आज उपसली तर ती नलिनी सगळ्या डोंगराक सांगत सुटतली, बाटली म्हणून उपसली. मी लहानपणी एक बाव अशी उपसलेली बघितलंय. माझ्या जित्यापणी ह्या बावीचा तसा होवचा नाय.”

कोणी वाद घातला नाही. काहींना ते मोठं वाटलं. पिठलं-भाकरी मात्र आली, घावणेही आले, आणि माणसं भरल्या विहिरीशेजारी बसून जेवली. तळाशी काय साचलं होतं ते तसंच राहिलं.

जेठात वॉर्ड ऑफिसचा माणूस आला. आधी कधीतरी बाटलीत पाणी भरून घेऊन गेला होता. आता सायकलच्या मागे पांढऱ्या पावडरची गोणी होती. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाला, “पाणी पिण्यालायक नाही. विहिरीचं शुद्धीकरण करावं लागेल. आणि तोवर बंद.”

तो दुसरा कुठलाही शब्द बोलता तर कदाचित मामांनी ऐकलं असतं. विहीर साफ करायची म्हणाला असता, औषध टाकायचं म्हणाला असता. पण त्याने ऑफिसातला शब्द आणला होता, आणि तो मामांच्या कानात गोमूत्राच्या शिंतोड्यांसारखा पडला.

“शुद्धीकरण? कोणाच्या हातान अशुद्ध झाली?”

“अहो आजोबा, मी जंतूंचं म्हणतोय.”

“मिया पण त्येंचाच म्हणतंय. ते बघ.” मामांनी खाली बोट दाखवलं. “मासे बघ. फिरतत की नाय? मेलेल्या पाण्यात मासो जगता?”

“पावडर टाकली की मरतील, पण—”

“म्हणजे तुझा औषध मारता, आणि माझा पाणी जगवता. मग शुद्ध काय रे?”

बघणारे हसले. तो माणूसही थोडा हसला, खांदे उडवून सायकलवर बसला. जाताना कठड्यावर लाल रंगाने एक फुली मारून गेला. मामांनी ती रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढली. लालसर डाग राहिला.

आषाढात प्रेमा आली. धुरींची एकुलती एक लेक. कांदिवलीला दिली होती. जावई चंद्रप्रकाश औषधाच्या दुकानात कामाला, शांत मुलगा. सासरी सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, हिरवी साडी नेसून फुलांच्या वाडीसकट फोटो निघाला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तिला भांडुपला आणून सोडलं. कांदिवलीच्या घरात नळ होता. सासू म्हणाली होती, “इथेच राहा हवं तर.” पण रीत ती रीत, आणि प्रेमालाही आईच्या हातचं खायचं होतं.

डोंगराच्या पायऱ्या चढून आली ती दारात धापा टाकत बसली. मामांनी ताजी कळशी भरून आणली, तांब्या तिच्या हातात दिला.

“पी. तुझ्या कांदिवलीत असलां पाणी मिळाचा नाय.”

प्रेमा प्यायली. तोंड थोडं वाकडं केलं. “बाबा, काहीतरी वेगळं लागतंय.”

“तुका आता सगळांच येगळां लागतला. पोटात खंयचो राजो बसलो आसा, तेका इचार.”

“राजा नाही, राणी आहे. लाथा बघा कशा मारते, तुमच्यासारखी हट्टी.”

सुगंधा चुलीपाशी हसली. त्या घरात खूप दिवसांनी कोणी मोठ्याने हसलं होतं.

पावसाने जोर धरला. डोंगरावरून पाणी मुरत खाली येऊ लागलं. विहीर भरली, काठाला आली, पण रंग चहाच्या पहिल्या उकळीसारखा झाला. पावसात गढूळ येतंच, असं सगळे म्हणाले. खालच्या आळीत एका पोराचे डोळे पिवळे झाले. मग वरच्या आळीत दोघांचे. कोणी मुळीची माळ गळ्यात घातली, कोणी नाकात रस पिळणाऱ्या वैद्याकडे मुलुंडला जाऊन आलं. कावीळ पावसाळ्यात होतेच, असंही सगळे म्हणाले.

अशा एका दुपारी भीमराज मामांच्या दारात आला. कामावर गेला नव्हता. हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. आत आला नाही.

“मामा, बाहेर या जरा.”

दोघे विहिरीच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

“टाकीची फरशी उचलून बघितली आज. मी आणि आमच्या दोन पोरांनी.” भीमराज हळू बोलत होता. “खाली तळच नाही. सिमेंट नाही, काही नाही. नुसता मुरूम. ठेकेदारानं वरून झाकलं आणि गेला. सगळं खाली मुरतंय, मामा. सरळ इकडं.”

मामा खाली पाण्यातल्या माशांकडे बघू लागले.

“आळीला सांगितलं मी. आम्ही सगळे उद्यापासून नळावर जाणार. तुम्ही पण बंद करा. प्रेमाला तरी आजपासून देऊ नका हे.”

“तू पण?” मामांचा आवाज चिरकला. “भीमराज, तुझ्या तोंडात ता? तुका कोणी भरवला? नलिनीच्या नवऱ्यान?”

“कोणी भरवलं नाही. हे हात बघा माझे.”

“ती तुमका बाटगे म्हणता, आणि तू तिचाच खरा करतंस! ज्या बावीर मीरान पयली घागर काढली—”

“मामा!” भीमराजचा आवाज पहिल्यांदाच चढला. “बाटणं म्हणजे काय ते मला नका शिकवू. माझी आज्जी विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणी वरून ओंजळीत ओतेल म्हणून. दिवस दिवस उभी राहायची. ते बाटणं मला माहीत आहे. हे ते नव्हे. हा गू आहे, मामा. माझ्या आळीचा असला तरी गूच.”

“मासे आसत. जिते.”

“तसले मासे कारखान्यामागच्या गटारात ढीगभर आहेत. रोज बघतो मी.”

मामांनी त्याच्याकडे पाठ केली. एवढंच म्हणाले, “तुका भिया वाटता तर तू जा नळार. माझां चेडू हीच बाव पितलां.”

भीमराज आपले चिखलाचे हात पँटीला पुसत पायऱ्या चढून गेला. हे सगळं सुगंधाने खिडकीच्या गजांतून ऐकलं. तिने संध्याकाळी विहिरीच्या पाण्याचा हंडा चुलीवर ठेवला, उकळायला. मामांनी तो खाली उतरवला.

“कोणाक दाखवतंस? आपल्याच घरात बावीवर संशय?”

सुगंधाने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. आणि जन्मभर करत आली तेच केलं. गप्प बसली.

श्रावणाच्या सुरुवातीला प्रेमाला अन्नाचा वास नकोसा झाला. मग ताप. मग एका सकाळी सुगंधाने उजेडात तिचा चेहरा धरला आणि तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात हळद दिसली. मामा वैद्याचा रस घेऊन आले. तो पोटात टिकला नाही. दोन दिवसांत ती असंबद्ध बोलू लागली, आईला ओळखेना, कांदिवलीच्या घरातला नळ चालू राहिलाय, बंद करा, असं पुन्हा पुन्हा सांगू लागली. तिला खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून खाली आणलं. खुर्चीचा एक पाय मामांच्या हातात होता, एक भीमराजच्या.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या. कावीळ गरोदर बाईला फार वाईट, म्हणाल्या. मग विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

“बावीचा,” मामा म्हणाले. “आमची सोताची बाव आसा.”

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली आणि लिहिलं. त्यांनी काही दोष दिला नाही. मामा मात्र तिथेच भिंतीला टेकले, आणि टेकलेलेच राहिले. बाळ आधी गेलं, पोटातच. मुलगी होती. प्रेमा दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. चंद्रप्रकाश कांदिवलीहून आला तेव्हा तिचे हात अजून उबदार होते. “तिचं एवढंच होतं,” असं त्याच्या आईनेच म्हटलं, आणि ते त्याने मानलं.

धुरींच्या घरी सुतक. त्या वर्षी त्यांच्याकडे गणपती आला नाही. पण त्याआधीच, कांदिवलीला तेराव्याचं जेवण आटोपलं तशी खालच्या आळीतली माणसं विहिरीपाशी जमली. मामांसाठी आलेली, मामांच्या दुःखाने पेटलेली माणसं. ज्यांनी एका पंगतीत पिठलं खाल्लं होतं तेही त्यांत होते. कोणाच्या हातात पहार, कोणाच्या हातात घण.

“त्यांनी बाटवली विहीर आणि आपली पोर मारली.”

“तोडून टाका तो संडास. जाऊ देत परत झाडीत.”

“आधी तो भीमराज कुठाय?”

नलिनी दारात उभी होती. तिला काही म्हणायची गरजच उरली नव्हती; तिचा शब्द आता सगळ्यांच्या तोंडात होता.

घोळका वरच्या पायऱ्यांकडे वळला. पायऱ्यांच्या तोंडाशी मामा येऊन बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर नुसतं धोतर. उठले नाहीत.

“बाजूला व्हा मामा,” पुढचा म्हणाला. “तुमच्यासाठीच चाललोय.”

“माझ्यासाठी नको.” आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढे यावं लागलं. “भीमराज माका सांगूक इल्लो. फरशी उचलून, हातान उकरून बघून इल्लो. चेडवाक ह्या पाणी देव नको म्हणालो. मी देत रवलंय. सुगंधान पाणी तापवूक ठेवला, तां मी उतरवलंय. माझ्या हातान गेलां माझां चेडू. घण मारूचो आसात तर हय मारा.”

मामांनी मागे वरच्या आळीकडे बोट केलं.

“आणि संडास मोडूचो नाय. तेका तळ घालूचो. मोडलात तर त्या बायांनी जावचा खंय? तुमच्या घराफुडे?”

घण घेतलेल्याने घण खाली टेकवला. मागची माणसं एकेक करून आपापल्या दारांकडे गेली. कोणी पुटपुटलं, कोणी शिवी दिली. कोणाला, ते कळलं नाही. वर, आपल्या घराच्या ओट्यावर भीमराज उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी विहीर बुजवायला घेतली. पहिली टोपली मामांनी टाकली. वरच्या आळीची माणसं आली, खालच्या आळीची आली. दगड पाण्यात पडल्याचा आवाज बरेच दिवस येत राहिला, मग मातीवर माती पडल्याचा. टाकीला तळ घालावा म्हणून मामा वॉर्ड ऑफिसात गेले, परत गेले. ठेकेदार सापडत नव्हता. भीमराजच्या आळीने शेवटी स्वतःच सिमेंट आणून टाकी उपसायला घेतली. त्या कामात मामा खाली उतरले. त्यांना कोणी ये म्हटलं नव्हतं, कोणी जा म्हटलं नाही.

या सगळ्या दिवसांत सुगंधा त्यांच्याशी बोलली नव्हती. जेवण वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. एका सकाळी ताट समोर ठेवून ती तिथेच थांबली.

“वाडीक सांगितलात,” ती म्हणाली. “जावयाक कोण सांगतला?”

मामांनी घास खाली ठेवला.

“तो म्हणता नशीब. रोज नशीबच म्हणत आसतलो. तेची बायल होती, तेचां पोर होतां. तेका कळूक नको?”

मामा उठले. हात धुतले. खुंटीवरचा सदरा घातला, टोपी घातली. बाहेर पडले तेव्हा भीमराज नळावरून दोन हंडे घेऊन पायऱ्या चढत होता. त्याने मामांचे कपडे पाहिले आणि थांबला.

“कुठं?”

“कांदिवलीक. चंद्रप्रकाशाक सगळा सांगूक.”

भीमराजने हंडे खाली ठेवले. “एकटे नका जाऊ. मी येतो.”

“नको.”

“अहो तो पोरगा काय करील, काय नाही. अंगावर आला तर?”

“येवंदे.” मामांनी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. “तू वांगडा इलंस तर तो तुझ्याकडे बघतलो. माका वाटता, तेणी माझ्याकडेच बघूक व्हया.”

भीमराज वाटेतून बाजूला झाला.

मामा पायऱ्या उतरू लागले. पाऊस उघडला होता, पायऱ्यांवर शेवाळ होतं. ते भिंतीला हात लावत, पाय चाचपत उतरत होते. खालच्या आळीत दारं उघडी होती, पण कोणी हाक मारली नाही. नलिनी अंगणात कपडे पिळत होती. ती पिळलेलं लुगडं हातात तसंच धरून उभी राहिली आणि मग आत गेली. भीमराज हंड्यांपाशी उभा होता. त्याच्या वर, ओट्यावर, मीरा. आणि आपल्या दारात सुगंधा, चौकटीला खांदा लावून, डोळे कोरडे. रस्त्याच्या वळणावर मामा एका ट्रकसाठी थांबले, ट्रक गेला, ते पलीकडे गेले. सुगंधा दिसेनासं होईपर्यंत बघत होती.